कौसामायचा कच्चा टाका

मी एक कागद लॅमिनेट करून घेतला होता. आयुष्यात केलेला मूर्खपणा लिहायला बसले तर वही पुरायची नाही, पण त्या वहीच्या पहिल्या पानावर हाच येईल. माझी बी.एस्सी.ची पदवी पत्र्याच्या पेटीत वाळवीनं खाल्ली. लग्नाचा फोटो ओल येऊन पिवळा पडला. त्यांना कधी प्लास्टिकचं अंगडं घालावंसं वाटलं नाही. या कागदाला मात्र मी सेनगावपर्यंत मिरवत नेलं.

कोरोनाच्या पहिल्या साली मला तो झाला. हिंगोलीला अकरा दिवस काढून, बरी होऊन घरी आले. मग माझ्या लेकानं, सुधीरनं, नांदेडला माझं रक्त तपासून घेतलं. कागदावर लिहून आलं की त्या रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी माझ्या रक्तात आहेत. पुढं आकडा होता, चांगला गुबगुबीत. झालं. जो कोणी "बाई, मास्क लावा" म्हणेल त्याच्यापुढं मी तो कागद धरायची, कंडक्टरपुढं पास धरावा तसा. वय पासष्ट. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेलं. आणि अक्कल बघा.

सगळ्या गावानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला. एका बाईनं फक्त हातात घेतला नाही. ओसरीवर बसल्या बसल्या लांबूनच म्हणाली, "किती जणांचं पाह्यलं हो या कागदानं? आन किती साल?"

ती कौसामाय. खरं म्हणजे तिच्याबद्दल लिहायला बसले आणि पहिलं पान स्वतःवरच खर्च केलं. ती असती तर म्हणाली असती, "उखाणा लई लांबला, पुस्तकाच्या बाई. आता नाव घ्या."

साखऱ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. कौसामायचं घर गावाच्या कडेला, दारात कडुलिंब. तिच्या तोंडावर देवीचे वण होते, नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखे दाट. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. त्या डोळ्यानं दिसत नव्हतं, पण बोलताना ती तोच डोळा माणसावर रोखायची आणि भल्याभल्यांची बोबडी वळायची. जन्मभर हळदीच्या कामाला गेल्यामुळं बोटं बारमाही पिवळी. नवरा लवकर गेला. एकुलती लेक रुक्मा, ती डोंगरकड्याला दिलेली. शेजारी पुतण्याचं घर. एवढंच तिचं गणगोत, आणि बाकी सगळं गाव.

कारण गावात कोणाच्याही घरी गोवर उठो की कांजिण्या उठोत, पहिलं बोलावणं कौसामायला. आमच्याकडं रोग आला म्हणत नसत, आई आली म्हणत. दाराला लिंबाचा टाळा, म्हणजे पाल्याची डहाळी, लागायचा, घरात फोडणी बंद व्हायची आणि कौसामाय पायरीवर येऊन उभी राहायची. तिला लहानपणीच देवी, गोवर, कांजिण्या तिन्ही होऊन गेलेल्या. तिला भीती नाही म्हणून तिनं आत जायचं, हा जुना रिवाज. ती दुखण्याच्या घरात चहा घ्यायची नाही. म्हणायची, "आधीच घरच्या बाईचे हात मोडून राहिले. त्यात माझी कपबशी कशाला." लेकराला लिंबाच्या पाण्यानं पुसायची, पातळ पेज भरवायची, खाजवू द्यायची नाही. आणि एक नियम तिनं कधी मोडला नाही. "धाप लागली की गाडी जुंपा. धापेचं औषध माझ्यापाशी न्हाई."

कोणी काही विचारलं की तिचं एकच सुरुवातीचं वाक्य असे, "म्या पाह्यलं तेवढंच सांगते."

एकदा मी तिला म्हटलं होतं, गावात तुला किती मान आहे. ती हसली. म्हणाली, "लग्नात मला कोणी बोलावलं न्हाई, बाई. गोवरात कोणी विसरलं न्हाई."

मी या गावात लग्न होऊन आले ती परभणीहून बी.एस्सी. होऊन. दुसरा वर्ग, पण तोरा पहिल्या वर्गाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा मला वाटायचं, या गावात उजेड पडायचा राहिला होता तो माझ्याच येण्यानं पडला. मला चौथा महिना होता आणि धाकट्या नणंदेला कांजिण्या उठल्या. सासूबाईंनी कौसामायला बोलावलं. ती पायरीवर उभी राहिली आणि घरातल्या एकेकाला विचारत गेली, "तुला आलती का?" सासूबाईंना येऊन गेल्या होत्या, त्या आत. सासऱ्यांनाही. मग ती माझ्यापुढं आली.

"तुमाला आलती का, बाई?"

"आठवत नाही. आणि आई बिई काही नसतं. कांजिण्या विषाणूमुळं होतात."

"व्हत असतीन. तुमच्या मायला इचारून या."

"ती परभणीला आहे."

"मंग भाईर."

मी म्हटलं, "हे माझं घर आहे."

"घर तुमचंच हाय. पोटातलं लेकरू बी तुमचंच हाय. भाईर."

आणि माझी पेटी तिनं स्वतः उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवली. मी रागानं फणफणत वडिलांना पत्र लिहिलं, "येथील लोक अंधश्रद्ध असून त्यांनी मला गरोदरपणी घराबाहेर काढले आहे." चौथ्या दिवशी वडील छत्री घेऊन भांडायला एस्टीनं उतरले. कौसामायनं त्यांना पायरीवरच गाठलं आणि तोच प्रश्न टाकला. वडील विचारात पडले. छत्री खाली आली. म्हणाले, "हिच्या भावाला आल्या होत्या. तेव्हा ही आजोळी होती. हिला नाही आल्या." मग त्यांनी शेजारच्यांकडं चहा घेतला, मला "तब्येत सांभाळ" म्हणाले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पुढं कधीतरी मी वाचलं की गरोदर बाईला कांजिण्या झाल्या तर तिच्या आणि पोटातल्या जिवाच्या जिवावर बेतू शकतं. पोटातला तो जीव म्हणजे सुधीर. त्याला ही गोष्ट सांगितली की तो छत्रीवर हसतो. मला आता हसू येत नाही.

नणंद बरी झाली, न्हाली, आणि कौसामायनं तिच्या परकराची एक चिंधी मागून नेली. मी मागोमाग गेले, पुरावा गोळा करायला. तिनं चिंधी उकळली, वाळवली आणि मांडीवर चिंध्यांची गोधडी, म्हणजे वाकळ, ओढून तिच्यावर शिवायला घेतली. वाकळ म्हणजे काय, गावातलं प्रत्येक लेकरू होतं तिच्यात. कोणाच्या झबल्याचा तुकडा, कोणाच्या चड्डीचा. पलीकडच्या तांड्यावरही ती जायची. तिथल्या बायकांनी दिलेल्या चिंध्यांना बारके आरसे होते. वाकळ उन्हात घातली की तेवढ्या जागा लुकलुकायच्या. गोवर आला त्याच्या तुकड्याला लाल दोरा, कांजिण्यांना पांढरा. नणंदेच्या तुकड्याला तिनं लांब लांब, सैल टाके घातले.

"असे का घालतेस? एका धुण्यात निघतील," मी म्हटलं.

"कच्चा टाका हाय हा. आई येऊन गेली एवढंच कळालं. परत येत न्हाई हे कुठं कळालं?"

"मग पक्का कधी घालणार?"

"आई गावात परत आल्यावर. ती हिच्या उशाला बसून गेली आन तरी हिला हात लावला न्हाई, मंग पक्का. काही काही टाके लई साल कच्चेच राहत्यात."

मी हसले. मी, जी फळ्यावर निरीक्षण, प्रयोग, अनुमान असे तीन शब्द रंगीत खडूनं लिहून पोरांकडून घोकून घ्यायची, ती हसले. चार वर्षांनी गावात पुन्हा कांजिण्या आल्या, नणंद आजारी चुलतभावंडांच्या पंगतीला बसली, तिला काही झालं नाही. त्या आठवड्यात कौसामायनं वाकळ काढली आणि त्या तुकड्याला बारीक, घट्ट टाके घातले. कोणी तिला सांगायला गेलं नव्हतं.

एका तुकड्यावर मात्र दोन पांढरे कच्चे टाके होते. वरच्या आळीतल्या एका पोराला कांजिण्या दोनदा आल्या होत्या. लोक नावं ठेवतील म्हणून त्याची आई एक टाका उसव म्हणून पाया पडली. कौसामाय म्हणाली, "झालं ते झालं. खोटं शिवलं तं मंग वाकळ अंगावर घ्यायची कशाला?"

माझी खोड अशी तशी जिरणारी नव्हती. सासऱ्यांच्या कमरेला नागीण झाली. गाव म्हणायला लागलं, नागिणीचं तोंड आणि शेपूट कमरेभोवती मिळालं की माणूस जातो. कौसामायला विचारलं. ती म्हणाली, "तोंड-शेपटीचं मला ठाऊक न्हाई. म्या पाह्यलं न्हाई. पण लहान लेकरं दूर ठिवा. यातून कांजिण्या उठत्यात. आन ज्याला कांजिण्या येऊन गेल्या त्यालाच ही व्हती."

भरल्या ओसरीवर मी म्हटलं, "माय, उद्या म्हणशील सापाच्या पोटी उंदीर होतो."

सगळे हसले. ती पण हसली. महिन्याच्या आत, सासऱ्यांच्या मांडीवर खेळणाऱ्या शेजारच्या तान्ह्याला कांजिण्या उठल्या. मी म्हटलं, योगायोग. मग कितीतरी वर्षांनी शिक्षकांच्या एका शिबिरात हाती आलेल्या पुस्तकात वाचलं, की कांजिण्यांचा विषाणू बरा झालेल्या माणसाच्या नसांत दडून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. आठ दिवस ती गोष्ट मी गिळून बसले. नवव्या दिवशी तिच्या ओसरीवर जाऊन ओकले. मला वाटलं आता ही माझी चामडी सोलणार. तिनं नीट ऐकून घेतलं.

"त्या पुस्तकवाल्यानं किती जण पाह्यले?"

"शेकडो असतील."

"मंग त्याचं पक्कं," ती समाधानानं म्हणाली. "माझे तं आठच व्हते."

तिचा चांगला डोळाही अधू होत गेला तसं सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडं आलं. शाळा सुटली की मी तिच्या ओसरीवर जायची, पाचसात सुया ओवून एका चिंधीला टोचून ठेवायची, की तिचे चार दिवस भागायचे. दोरा ओठांत धरून ओला करायचा, टोक वळायचं आणि सुईत सारायचं. त्या तेवढ्या वेळात ती बोलायची. एकदा, मी न विचारताच म्हणाली, "आठ वर्साची व्हते. देवीनं माझ्या भावाला नेलं, मला ठिवलं. पंधरा दिसांनी ती चुलत्याच्या घरात आली. मायनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आन म्हणली, जा आत, तुला आता भ्या न्हाई."

मी विचारलं, "मग? भीती नाही वाटली?"

"भ्या रोगाचं नव्हतं, बाई. आत चुलती मरून राहिली व्हती, तिचं व्हतं. ते कोणी इचारलं न्हाई."

मी ओवलेल्या सुईतला दोरा काढून पुन्हा ओवला.

मग तो नवा रोग आला. गावात कोणाला काही कळायच्या आत कौसामायनं ओसरीच्या दोन खांबांना सुतळी बांधली. सुतळीच्या अलीकडं ती, पलीकडं, कडुलिंबाखाली, बाकीचे. लोकांना गंमत वाटली. जन्मभर रोगाच्या घरात शिरलेली बाई कोंडून घेते. ती म्हणायची, "ही मला वळखत न्हाई. या खेपी मी भाईरची." आणि कोणी विचारलं, माय, हा एकदा झाला की परत होत नाही ना, तर सांगायची, "गोवर एकदा येतो. पडसं दर साली येतं. ही नवी कोणाच्या घरची हाय ते आजून कळालं न्हाई."

नंतर दोन वर्षं जगभरचे शहाणे हेच शोधत होते. गोवर झाला की शरीर त्याचा चेहरा जन्मभर विसरत नाही, पडशाचा वर्षभरात विसरतं, आणि हा नवा तर चेहराच बदलून येत होता. मी ते आता जाड भिंगाचा चष्मा लावून वाचते. तेव्हा मी कागद वाचत होते.

हिंगोलीहून आल्यावर तिथं नेसलेल्या साडीची चिंधी मी उकळून, वाळवून तिला नेऊन दिली. काठीनं ओढून घेतली तिनं. घरात ओवलेली शेवटची एक सुई होती, तिच्यात हिरवा दोरा. या रोगाला तिनं हिरवा ठरवला होता. माझ्यादेखत तिनं माझी चिंधी वाकळेवर धरली आणि लांब, सैल टाका घातला.

"कच्चा?"

"कच्चा."

तेव्हा मी कागद काढला, आणि तेव्हा तिनं ते विचारलं, किती जणांचं पाह्यलं आणि किती साल. मी सुधीरला फोनवर हसून हसून सांगितलं.

त्यानंतर तिची शिलाई थांबली. बरे झालेल्यांच्या चिंध्या दुरडीत साठत गेल्या. दोरा ओवायचा म्हणजे ओठांनी ओला करायचा, म्हणून ती कोणाकडून सुया ओवून घेईना. पुतण्याच्या बायकोनं हात पुढं केला, तिलाही नाही म्हणाली. हात रिकामे ठेवून बसलेली कौसामाय मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या साली उन्हाळा लागला. घरोघर हळद शिजत होती, वाळत होती, ड्रममध्ये घोटली जात होती. सगळ्या गावाच्या नाकातोंडात पिवळी धूळ. माझा घसा दोन दिवस खवखवत होता आणि मी म्हटलं, धूळ. मला कशाला काही होतंय. लस घ्यायची पाळी आली होती, तीसुद्धा मी टाळली होती. कौसामायनं मात्र नाव लावलं होतं. गावानं देवीची सुई टोचून घेतलेली तिनं पाहिली होती आणि देवी गेलेली पाहिली होती, तिला आणखी कोणी पटवायची गरज नव्हती. "बेस्तरवारी माझा नंबर हाय," ती म्हणाली होती, "गाडीचं तेवढं बघा."

ते सांगायला, की बेस्तरवारची गाडी ठरली, मी तिच्या दारी गेले. आणि तिची दुरडी पाहून मला भरून आलं. मी सुतळी वर उचलली.

"तिथंच बसा, बाई. लिंबाखाली."

"कशाला? माझा कागद पक्का आहे."

"टाका कच्चा हाय तुमचा."

"माय, कागदापुढं टाक्याचं काय घेऊन बसलीस," म्हणत मी सुतळीखालून आत गेले आणि नेहमीच्या जागी, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

तिनं तो फूल पडलेला डोळा माझ्यावर बराच वेळ रोखला. मग तिची नजर दुरडीकडं गेली. मी ते पाहिलं. वर्षभर रिकामे असलेले ते पिवळे हात मी पाहिले. तिनं सुयांची डबी माझ्याकडं सरकवली.

"ओवा मंग."

सात सुया ओवल्या मी. सात वेळा हिरव्या दोऱ्याचं टोक ओठांत धरलं. तासभर गप्पा मारल्या, शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांची नक्कल करून तिला हसवलं. दोनदा खोकले. म्हटलं, "हळदीची धूळ." तिनं पदर नाकावर ओढून घेतला आणि पहिली चिंधी हातात घेतली.

सोमवारी सकाळी आमच्या दारात कढई उकळत होती आणि मला हळदीचा वास येईना. मी कढईवर वाकले. चिमूटभर हळद नाकात घातली. काहीच नाही. तपासणी झाली. दुसऱ्यांदा तोच. मी वरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. दोन दिवस अंग तापलं, तिसऱ्या दिवशी मला भूक लागली. पहिल्या वेळी मी अकरा दिवस नळीवर होते, या खेपी भाकरी मागून खाल्ली.

बुधवारी कौसामायला खोकला लागला. बेस्तरवारची गाडी आली आणि रिकामी गेली. रविवारी तिनं स्वतःच पुतण्याला ओसरीवरून सांगितलं, "धाप लागली. गाडी बोलाव."

मी गच्चीवरून पाहिलं. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशी उभी होती. कौसामाय कोणाचा हात न धरता, भिंतीला धरून, चार पावलं चालत आणि थांबत आली. हातात बोचकं. वाकळ तिनं नेली नाही. गाडीच्या पायरीशी तिनं मागं वळून वर पाहिलं, नेमकं माझ्या गच्चीकडं, जणू मी तिथं असणार हे तिला ठाऊक होतं. मी हात वर केला. तिनंही केला. मला वाटलं, निरोप घेते. पण तिनं पिवळ्या बोटांनी खूण केली, आत जा. चाळीस वर्षांपूर्वी मला ज्या हातानं बाहेर काढलं होतं त्याच हातानं. मग ती गाडीत चढली आणि दार लागलं.

नवव्या दिवशी ती गेली. गावात आणलं नाही. गावातल्या कितीतरी लेकरांना तिनं न्हाऊ घालून उठवलं होतं, तिला न्हाऊ घालायला कोणी नव्हतं.

आणि आता ते, जे मी आजवर लिहिलं नव्हतं. तिचा पुतण्या त्याच आठवड्यात हळद घेऊन हिंगोलीला जाऊन आला होता. गाव म्हणालं, त्यानं आणला. पारावर त्याच्याशी कोणी बोलेना. महिनाभर त्याच्याकडं बोट होतं आणि मी त्या बोटामागं लपून बसले. खरंच माझ्यामुळं झालं की त्याच्यामुळं, हे कोणी तपासलेलं नाही, आणि कौसामायच्या हिशेबानं जे पाहिलं नाही ते सांगू नये. पण सात सुया मी पाहिल्या होत्या.

महिन्यानं रुक्मा डोंगरकड्याहून घर आवरायला आली. तीही माझीच विद्यार्थिनी. आठवीत मी तिला नापास केलं होतं, विज्ञानात. मी गेले आणि कडुलिंबाखाली उभी राहिले. सुतळी अजून खांबांना होती. तिनं वाकळ उन्हात घातली होती, तांड्यावरचे आरसे लुकलुकत होते.

"रुक्मा, तुझ्या चुलतभावाशी बोलत जा," मी म्हटलं. "त्यानं नाही आणला. मी आणला. माझा घसा खवखवत होता आणि मी सुतळीच्या आत येऊन बसले. तिच्या सुया ओवल्या."

ती वाकळ झटकत होती. झटकायची थांबली नाही.

"आणला असंल," ती म्हणाली. "मायला बी तसंच वाटून राहिलं व्हतं."

मग तिनं वाकळेचा एक कोपरा उचलून माझ्यासमोर धरला. माझ्या साडीची चिंधी. तिच्यावर हिरवे टाके होते. एक जुना, माझ्यादेखत घातलेला. त्याच्या शेजारी दुसरा, वाकडा, कापऱ्या हाताचा. तोही कच्चा.

"तुमचा दुसऱ्यांदा निघाला हे मायच्या कानावर आलतं," रुक्मा म्हणाली. "गाडी यायच्या आधी घातला तिनं हा. सुई ओवलेलीच व्हती म्हणली."

मी लिंबाच्या बुडाशी बसले. म्हटलं, "उसवून टाक तो."

"न्हाई," ती म्हणाली. "दवाखान्यातून एकदाच फोन लावून दिलता मला. वाटलं, नातवंडायचं इचारंल. तं म्हणली, बाईला इचार, दुसऱ्या खेपी हलकं गेलं का जड. तेवढं पाह्यचं राहिलं माझं." तिनं कोपरा खाली सोडला. "मंग सांगा ना, बाई. हलकं गेलं का जड?"